सीईटीत पर्सेंटाइल कमी पडले? मग कॅप राउंडमध्ये तरी या चुका टाळा

निकाल लागला की आमच्या सोसायटीत दोन गट पडतात, एक पेढे वाटणारा आणि एक दार लावून बसणारा. २०२५ ला माझा भाचा दुसऱ्या गटात होता. एमएचटी-सीईटी (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा), पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप, ६१ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली साधारण ६१ पोरं त्याच्या मागे. बारावीला ७४ टक्के होते म्हणून ताई म्हणत राहिली की बारावीचे मार्क थोडे तरी धरतील ना, तर नाही, इंजिनिअरिंगची मेरिट सीईटीवर लागते, बारावीचे टक्के फक्त पात्रतेपुरते (ठरावीक विषयांत मिळून ओपनला ४५, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला ४०) आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त स्कोअर असला की झालं. म्हणजे ६१ वाला पण पात्र आणि ३१ वाला पण. तरीही कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या दोन राउंडला त्याला काहीच लागलं नाही आणि खरं सांगायचं तर त्यात पर्सेंटाइलचा दोष कमी आणि आमचा जास्त होता.

सगळ्यात मोठी माती ऑप्शन फॉर्ममध्ये खाल्ली, म्हणजे कॉलेज आणि ब्रांच पसंतीच्या क्रमाने भरतात त्या फॉर्ममध्ये. पठ्ठ्याने नऊ ऑप्शन भरले, नऊच्या नऊ पुण्यातले, सगळीकडे कॉम्प्युटर नाहीतर एआय. मी विचारलं बाकीचे का नाही टाकले, तर म्हणे मित्र सांगत होता की खाली साधी कॉलेजं टाकली तर सिस्टीम तीच देते. हे साफ खोटं आहे. सिस्टीम तुमचा फॉर्म वरून खाली वाचते, तुमच्या नंबरला वरचं बसत असेल तर तिथेच थांबते, नसेल तरच खाली येते, त्यामुळे खाली शंभर कॉलेजं टाकली म्हणून वरच्या कॉलेजचा चान्स एका टक्क्याने पण कमी होत नाही. कमी पर्सेंटाइलवाल्याने फॉर्म लांबलचकच भरायचा.

याच्या उलटी चूक शेजारच्या मुलीने केली. घाबरून एक नंबरलाच "सेफ" कॉलेज टाकलं, घराजवळचं, जिथे तिला जायचंही नव्हतं. २०२५ च्या नियमांत पहिल्या राउंडला एक नंबरचा ऑप्शन लागला की सीट ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप तीच पक्की, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी तेच, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी, आणि चौथा राउंड शेवटचा. तिला पहिल्याच राउंडला एक नंबर लागला आणि विषय संपला, पुढच्या राउंडमध्ये भागच घेता येईना, आणि तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलची मैत्रीण तिसऱ्या राउंडला बऱ्या कॉलेजात गेली. म्हणून क्रम आवडीचा ठेवायचा, भीतीचा नाही, आणि हे ऑटो फ्रीझचं त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत स्वतः वाचायचं कारण नियम बदलत राहतात, व्हॉट्सअॅपवर येतं ते बऱ्याचदा गेल्या वर्षीचं असतं.

आता कटऑफची पीडीएफ. ती सगळे डाउनलोड करतात आणि चुकीची ओळ वाचतात. भाच्याने एका कॉलेजचा आकडा बघून उड्या मारल्या की माझ्या पर्सेंटाइलला मिळतंय, नीट बघितलं तर ती ओळ एल ने सुरू होणारी, म्हणजे मुलींच्या सीटची. जी म्हणजे जनरल, एल म्हणजे लेडीज, मधे प्रवर्ग, आणि शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातले, एस म्हणजे राज्य पातळीवरची सीट. होम युनिव्हर्सिटी तुम्ही बारावी कुठून झालात त्यावर ठरते, राहता कुठे त्यावर नाही. लातूरला बारावी केलेल्या पोराने पुण्याच्या कॉलेजचा एच वाला आकडा बघून काही उपयोग नाही. आणि फक्त पहिल्या राउंडचा कटऑफ बघून रडू नका, शेवटच्या राउंडचा पण बघा, बऱ्याच ठिकाणी तो खाली आलेला असतो, सिव्हिल मेकॅनिकलला तर जास्तच.

कागदपत्रांवर फार बोलत नाही, सगळ्यांना माहितीये तरी सगळे अडकतात. नॉन क्रिमीलेयर संपलेलं, जात पडताळणी पावतीवरच अडकलेली, मुदतीत ओरिजिनल नाही दिलं की तुम्ही ओपनमध्ये, आणि ६१ वाल्याला ओपनमध्ये ढकललं तर काय होतं सांगायला नको. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस नावाच्या योजनेतल्या सीट पण बघा, ट्यूशन फी माफ होते, पण त्याचे चॉइस कोड (ऑप्शन फॉर्ममध्ये टाकायचे कॉलेज-ब्रांचचे नंबर) वेगळे असतात आणि ते वेगळे टाकावे लागतात, साधा कोड टाकून माफी मिळत नाही. कटऑफ मात्र चढा असतो. तात्पुरती मेरिट लिस्ट लागली की प्रवर्ग बरोबर पडलाय का ते त्याच दिवशी बघायचं, ग्रीव्हन्सला, म्हणजे तक्रार करायला, दोन तीन दिवसच मिळतात.

मग येतात ते "काका". आमच्याकडे पण एक आले होते, म्हणाले मॅनेजमेंटमधून करून देतो, आत्ता टोकन द्या नाहीतर सीट जाईल. देऊ नका. मॅनेजमेंटच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या इन्स्टिट्यूट लेव्हलच्या सीटला तुम्ही स्वतः कॉलेजात जाऊन अर्ज करू शकता, त्याची पण मेरिट लिस्ट लागते, आणि कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या सीटही तिथेच भरतात. डोनेशन घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंद आहे, पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि हे काका कधीच सांगत नाहीत की इन्स्टिट्यूट लेव्हल कोट्यातल्या प्रवेशाला महाडीबीटीवरची (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरची) फी सवलत मिळत नाही. मुलगी असेल तर हा हिशोब फारच महागात पडतो, कारण ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४ पासून ट्यूशन फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून आलात तरच. घाबरून कॅप सोडलीत की चार वर्षांची फी खिशातून.

"आत्ता कुठलीही ब्रांच घे, पुढच्या वर्षी बदलून मिळेल" हे पण ऐकाल. बदलून मिळते, पण सीट रिकामी असेल आणि पहिल्या वर्षाचे मार्क चांगले असतील तर. चार वर्षं सिव्हिल शिकायची तयारी नसेल तर सिव्हिल घेऊ नका, एवढं साधं आहे.

हवं ते मिळतच नसेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला सीईटी लागत नाही, मग डिप्लोमाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण चारऐवजी पाच वर्षं होतात. बीएस्सी करून (४५ टक्के, बारावीला मॅथ्स) पण थेट दुसऱ्या वर्षाला येता येतं. एक वर्ष ड्रॉप घ्यायचा तर आधी बघा मार्क कुठे गेले, सीईटीच्या पेपरात मॅथ्सच्या प्रत्येक प्रश्नाला २ मार्क आहेत आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी आमच्या भाच्याने मॅथ्सचे चौदा प्रश्न कोरे सोडले होते! कपाळावर हात मारायचा बाकी होता.

तिसऱ्या राउंडला त्याने ९० च्या वर ऑप्शन भरले, आधी तीन कॉलेजं वर्किंग डेला जाऊन बघितली, लॅब उघडी आहे का, फायनल इयरची पोरं काय म्हणतात, बस किती वाजता सुटते. नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजला ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) लागलं, सीट अॅक्सेप्टन्सचे १००० रुपये भरले, बेटरमेंट टाकलं, म्हणजे ही सीट धरून पुढच्या राउंडला वरचं मिळतं का ते बघायचं. चौथ्या राउंडला काही वर सरकलं नाही, मग तिथेच गेला. ताईची आता एकच तक्रार आहे, हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज बटाटा असतो.