हरभऱ्याच्या गाठी बघायच्या, तर झाड उपटू नका

झाड धरलं, ओढलं, मुळाला चार गाठी दिसल्या की "जिवाणू लागला". नाही दिसल्या की "पाकीट बोगस". रायझोबियम म्हणजे मुळावर गाठी करून हवेतलं नत्र झाडाला देणारा जिवाणू, तो पाकिटातून आणून बियाण्याला लावतात. खान्देशात त्याचा निकाल बहुतेक वावरांत असाच लागतो, आणि दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात. तापीकाठच्या काळ्या मातीतून झाड ओढलं की बारीक मुळं तुटतात आणि त्यांच्यावरच्या गाठी मातीतच राहतात. हाती येतो तो नुसता सोटा. बरं, गाठी दिसल्या तरी त्या काम करतात की फुकट खातात, हे बाहेरून कळत नाही. म्हणून खाली दिलंय ते तपासणीसाठी. हरभरा घेतलाय, पण मूग, सोयाबीन, भुईमुगालाही रीत हीच.

पाकीट

पाकिटावर पिकाचं नाव हवं. नुसतं 'रायझोबियम' छापलेलं असेल तर घेऊ नका. मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग हे चवळी गटात येतात, म्हणजे त्यांना एकच जिवाणू चालतो. सोयाबीनचा गट वेगळा, वाटाणा-मसूरचा वेगळा, मेथी-लसूणघासाचा आणखी वेगळा. हरभऱ्याचा जिवाणू स्वतंत्र, त्याला मेसोरायझोबियम म्हणतात. "खरिपात मूग-उडीद होता, जमिनीत जिवाणू आहेच" असं सांगणारे गावोगाव भेटतात. मुगाच्या गाठीतला जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठ धरत नाही. मूळ मातीत फ्लेव्होनॉइड नावाचं रसायन सोडतं, त्याला जिवाणू स्वतःच्या एका रेणूने उत्तर देतो, आणि ते उत्तर ओळखीचं असेल तरच मुळावरचा केस वळून त्याला आत घेतो. पीक बदललं की ओळख बदलते.

भुकटीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी असाव्यात, असं खत नियंत्रण आदेशाचं मानक आहे. ते कागदावरचं झालं. पत्र्याच्या घरात आठ दिवस किंवा गाडीच्या डिकीत एक दुपार काढलेल्या पाकिटात काय उरतं, याची खात्री कोणी देणार नाही. मुदतीची तारीख बघा, पेरणीच्या आदल्या दिवशी आणा, माठाशेजारी ठेवा.

तीन पट्टे

तुलनेला काही नसेल तर गाठी मोजण्यात अर्थ नाही. वावराच्या एका बाजूला एकेक गुंठ्याचे तीन पट्टे आखा. पहिल्यात साधं बियाणं, दुसऱ्यात रायझोबियम लावलेलं, तिसऱ्यात साधं बियाणं आणि भरपूर युरिया: गुंठ्याला सव्वादोन किलो, निम्मा पेरताना, निम्मा एक महिन्याने. हा तिसरा पट्टा बघून लोक हसतात, "हरभऱ्याला कोणी इतका युरिया देतं का?" देत नाही, आणि देऊही नये. पण नत्र पोटभर मिळालं तर हे पीक या जमिनीत किती वाढतं, हे त्याशिवाय समजत नाही. स्फुरद-पालाश तिन्हींना सारखं द्या.

रायझोबियमचा पट्टा उताराच्या खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर पाण्याबरोबर जिवाणू बाकीच्या पट्ट्यांत जातो. पेरताना आधी साधं बियाणं, मग लेप दिलेलं. उलट केलंत तर पाभरीच्या नळ्यांतला लेप साध्या पट्ट्यात उतरतो आणि तुलना तिथेच संपते.

बियाण्याला लेप

१२५ ग्रॅम गूळ एक लिटर पाण्यात उकळून पूर्ण गार करा. उकळल्याने नळाच्या पाण्यातला क्लोरीनही निघून जातो. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. गुळाचं पाणी मात्र ३०० ते ४०० मिली पुरतं, अख्खा लिटर ओतला तर साल सुरकुततं आणि पाभरीत सोलून निघतं. ताडपत्रीवर हलक्या हाताने चोळा, तासभर सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

बुरशीनाशक लावायचंच असेल तर ते आधी लावून पूर्ण सुकवा, रायझोबियम सगळ्यात शेवटी. दोन्ही एकाच घमेल्यात कालवणाऱ्याने पाकिटाचे पैसे मातीत घातले. मर रोगासाठी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरा. त्याचं आणि रायझोबियमचं जमतं.

खणणं

सगळी तपासणी इथे जिंकते किंवा हरते. पीक ४० ते ४५ दिवसांचं, फुलं धरायला लागलेलं, तेव्हा खणा. तीन आठवड्यांच्या रोपावर गाठी नुकत्या दिसू लागतात. घाटे भरताना झाड आपली साखर दाण्यांकडे वळवतं आणि गाठी म्हाताऱ्या होतात. डिसेंबरअखेर घाटे लागल्यावर उपटून "गाठी नाहीत" म्हणणं म्हणजे पोळ्यानंतर बैल सजवणं.

माती वाफशावर हवी. कोरडी काळी माती दगडासारखी फुटते आणि फुटताना मुळं तोडते. फार ओली चिकटते, मग खरवडताना गाठी निघतात. पाणी दिलं असेल तर चार-पाच दिवस थांबा. जिरायत वावरात भेगा पडल्या असतील तर आदल्या संध्याकाळी त्या झाडांभोवती एकेक बादली पाणी सोडा.

झाडं निवडताना बांधाकडची सोडा, दोन्ही कडेच्या ओळी सोडा. पट्ट्यातली सगळ्यात देखणी झाडंही सोडा, हात आपोआप तिकडेच जातो. मधल्या ओळींत चालत दर पाचव्या पावलाला उजव्या पायाजवळचं झाड, ते कसंही असो. असं पट्ट्यामागे दहा. शेंडा जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा आणि खोडाला पट्ट्याचा नंबर लिहिलेली चिंधी बांधा. चिठ्ठी बांधू नका, ती पाण्यात विरघळते.

आता कुदळ नको, फावडं घ्या. खोडापासून वीतभर अंतर सोडून चारही बाजूंनी सरळ खाली, फुटभर खोल कापा. तिरपं कापलं की खाली मुळं तुटलीच. मग एका बाजूला चर काढून ढेकूळ खालून उचला. खोड धरून कधीच उचलू नका. ढेकूळ गोणपाटावर ठेवा, तसंच पाण्याने भरलेल्या टपात सोडा आणि दोन तास विसरून जा. भारी चोपण माती असेल तर चार तास.

मोटारीचा पाइप लावून धुणं ही सगळ्यात मोठी चूक. पाण्याच्या झोताने माती जाते, गाठीही जातात, आणि मूळ स्वच्छ दिसतं म्हणून माणूस खूश होतो. टपात हात घालून ढेकूळ हळूहळू हलवा, चिखल आपोआप सुटतो. पाणी लवकर निवळावं म्हणून त्यात मीठ टाकायला सांगणारेही आहेत. मिठाने चिकणमातीचे कण एकत्र येऊन गोळे होतात, आपल्याला नेमकं उलट हवंय. साधं पाणीच बरं.

टपातलं पाणी टाकताना खाली मच्छरदाणीची जाळी धरा. हरभऱ्याच्या लहान गाठी ज्वारीच्या दाण्याहून बारीक असतात. त्या जाळीवर सापडतात, आणि त्या मोजल्याशिवाय आकडा खरा नाही. जाळीवर आलेल्या गाठी त्याच झाडाच्या खात्यात धरा.

गाठ की सूत्रकृमी

केळीच्या किंवा भाजीपाल्याच्या जुन्या वावरात मुळावरचा प्रत्येक फुगवटा गाठ समजू नका. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने ढकलली की अलगद सुटते. सूत्रकृमी म्हणजे मुळात घुसणारे धाग्यासारखे बारीक किडे. त्यांनी मूळच सुजतं, सूज वेगळी काढता येत नाही, काढली तर मूळ तुटतं. आत गुलाबी रंगही नसतो.

कापून बघा

नव्या ब्लेडने गाठ मधोमध चिरा आणि लगेच रंग बघा. उघडी राहिली की तपकिरी होते, मग रंगाचा अंदाज फसतो. गुलाबी किंवा रक्तासारखी लाल असेल तर गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. हवेतलं नत्र फोडणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होतं, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू लागतोच. तो मोजून मापून आत नेण्याचं काम हा लाल पदार्थ करतो. आतून पांढरी असेल तर अजून कोवळी आहे किंवा कामचुकार जिवाणूने धरलेली आहे. बुडाकडे हिरवट म्हणजे म्हातारी होतेय. काळी, पिचपिचीत म्हणजे मेलेली, आणि बागायतीत याचं कारण बहुधा एकच, पाटाने दाबून दिलेलं पाणी. माती चार दिवस गच्च राहिली की गाठी गुदमरतात.

कुठे बसल्यात हेही लिहा. सोटमुळाच्या वरच्या भागात, खोडाच्या बुडाशी मोठ्या, फांद्या फुटलेल्या, पोवळ्यासारख्या लाल गाठी असतील तर बियाण्यावर लावलेला जिवाणू वेळेवर लागला. बाजूच्या बारीक मुळांवर शंभर चिमुकल्या पांढऱ्या गाठी असतील तर जमिनीतले जुने जिवाणू घुसलेत, आणि त्यांच्याकडून फारसं नत्र मिळत नाही. आकडा शंभर असूनही पीक पिवळं, ते यामुळे. म्हणून संशोधक संख्येपेक्षा गाठींच्या सुक्या वजनावर जास्त विश्वास ठेवतात.

तीन पट्टे वाचणं

युरियाच्या पट्ट्यात गाठी कमी किंवा नसल्यासारख्या दिसतील. घाबरू नका. जमिनीत नत्र तयार असेल तर झाड गाठी पोसण्यात साखर घालत नाही. पेरणीनंतर पंधरा दिवसांनी "थोडा हिरवा व्हावा म्हणून" युरियाची मूठ मारणाऱ्यांनी हा पट्टा नीट बघावा. हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ३० किलो पालाश या शिफारशीतलं नत्र गाठी सुरू होईपर्यंतचं असतं, त्यावर आणखी नको.

साधा पट्टा फिका आणि रायझोबियमचा युरियाइतकाच हिरवा असेल तर पाकिटाने काम केलं. तिन्ही सारखेच हिरवे असतील तर साध्या पट्ट्याची मुळं बघा. तिथे लाल गाठी असतील तर तुमच्या वावरात हरभऱ्याचा चांगला जिवाणू आधीच आहे. नसतील तर जमिनीतच नत्र मुबलक आहे.

फक्त युरियाचा पट्टा हिरवा आणि बाकी दोन पिवळे, ही अडचणीची बाब. दोष पाकिटाचा की वावराचा, हे कुंडीत समजतं. नदीची वाळू धुऊन अर्धा तास उकळा आणि दोन कुंड्यांत भरा. एकीत आधी साधं बियाणं लावा, मग दुसरीत लेप दिलेलं. उकळून गार केलेलं पाणी द्या आणि नत्र सोडून बाकीची खतं चिमूटभर. कुंड्यांत हातभर अंतर ठेवा, पाणी घालताना एकीचे शिंतोडे दुसरीत जाऊ देऊ नका. पाच आठवड्यांनी वाळू पाण्यात सोडली की मूळ आपोआप मोकळं होतं, इथे खणायची गरजच नाही. लेप दिलेल्या रोपावर लाल गाठी असतील आणि साध्यावर नसतील तर पाकीट चांगलं होतं, मग वावरातलं क्षारांचं प्रमाण, पाण्याचा निचरा आणि बियाण्याला लावलेलं बुरशीनाशक तपासा. दोन्हींवर गाठी नसतील तर पाकीट मेलेलं होतं. दोन्हींवर असतील तर वाळू नीट उकळली नव्हती, पुन्हा लावा.