अमेरिकेत घेतलेला लॉक्ड फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर कसा आणावा

अमेरिकेहून आलेल्या आयफोनमध्ये आपल्याकडचे सिम घातल्यावर पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ ही अक्षरे उमटली की बहुतेकांना फोन बिघडल्याची शंका येते. प्रत्यक्षात तो बिघडलेला नसतो. अमेरिकेत मोबाइल कंपन्याच २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर फोन विकतात, आणि पैसे फिटेपर्यंत तो आपल्याच नेटवर्कवर चालावा म्हणून त्याला कुलूप लावून देतात. हे कुलूप ज्या कंपनीने लावले तिनेच काढायचे असते, त्यामुळे येथील दुकानदाराकडे फोन नेण्याआधी तेथील खात्याकडे पाहावे.

प्रथम फोन खरोखर लॉक्ड आहे का, हे तपासावे. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यास खाली ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ दिसते. तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिलेले असेल तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडमध्ये सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे: लॉक असल्यास फोन बहुधा अनलॉक पिन मागतो. तेथे अंदाजाने आकडे टाकू नयेत, कारण चुकीचे प्रयत्न मोजले जातात आणि मर्यादा ओलांडली की योग्य कोडही स्वीकारला न जाण्याची शक्यता असते. आयक्लाउड किंवा गूगल खात्याचे कुलूप ही निराळी गोष्ट आहे; ते मालकाचे असते आणि फोन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी मालकानेच आपल्या खात्यातून बाहेर पडावे लागते.

त्यानंतर *#०६# डायल करून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, उतरवून घ्यावा, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. अटी कंपनीगणिक बदलतात. एटी अँड टी पोस्टपेड फोनसाठी किमान ६० दिवसांची आणि प्रीपेडसाठी सहा महिन्यांची सेवा मागते, तर टी-मोबाइलच्या पोस्टपेड फोनला ४० दिवस पुरतात. हप्ते मात्र पूर्ण फिटलेले असावे लागतात आणि फोन चोरीचा किंवा हरवल्याची नोंद असलेला नसावा. या अटी वेळोवेळी बदलत असल्याने अर्जाच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्याव्यात.

अर्जाला पैसे लागत नाहीत. एटी अँड टीचा अर्ज ऑनलाइन भरल्यावर आलेल्या ईमेलमधील दुव्यावर २४ तासांच्या आत टिचकी मारावी लागते. हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला तर सगळे पुन्हा करावे लागते. ग्राहकाने फोन असा मोकळा करून घेण्याला २०१४ च्या अमेरिकी कायद्याचा आधार आहे, आणि कामकाजाच्या दोन दिवसांत अर्जाला उत्तर देण्याचे तेथील मोठ्या कंपन्यांनी मान्य केलेले आहे.

हे सगळे अमेरिका सोडण्यापूर्वी उरकावे, असे मी आग्रहाने सांगतो. माझ्या आतेभावाने परतताना आधी खाते बंद केले आणि पुण्यात आल्यावर अर्ज केला. शेवटच्या बिलाचे काही डॉलर राहिले होते, म्हणून अर्ज फेटाळला गेला. पैसे भरायला खात्यात शिरावे, तर पडताळणीचा कोड त्याच बंद झालेल्या नंबरवर जात होता. रात्री अकरानंतर फोन लावून, दर वेळी नव्या माणसाला तीच कथा पहिल्यापासून ऐकवण्यात त्याचे तीन आठवडे गेले. तोवर तो महागडा फोन घरच्या वायफायवर बातम्या वाचण्यापुरताच उरला होता.

मंजुरी आल्यावर आयफोनला कोणताही कोड लागत नाही. वायफाय जोडून नवे सिम घालावे. तरीही जुनाच संदेश दिसत असेल तर बॅकअप घेऊन फोन पूर्ण पुसावा आणि बॅकअप परत भरावा. अँड्रॉइडमध्ये काही फोनना कंपनीकडून आलेला पिन टाकावा लागतो, काहींत सेटिंग्जमधून किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून अनलॉक करता येते. थोड्या पैशांत ‘कायमचे अनलॉक’ करून देणाऱ्या अनोळखी दुकानांच्या नादी लागू नये.

अमेरिकेतच राहून कंपनी बदलायची आणि नंबर तोच ठेवायचा असेल, तर जुनी सेवा स्वतः बंद करू नये, कारण त्यासोबत नंबरही जाऊ शकतो. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि नंबर-ट्रान्सफर पिन घेऊन ते नव्या कंपनीला द्यावेत. नंबर तिकडे गेला की त्या नंबरची जुनी सेवा आपोआप संपते. हप्त्यांची बाकी मात्र राहतेच.

फोन भारतात आणणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. आयफोन १४ पासून पुढच्या अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक मॉडेलांत सिमची खाचच नाही, त्यामुळे जिओ, एअरटेल किंवा व्हीआयकडून ई-सिमच (फोनमध्येच डिजिटल रूपात भरले जाणारे सिम) घ्यावे लागते. जुन्या अँड्रॉइड फोनच्या बाबतीत मॉडेल क्रमांकावरून भारतातील ४जीचे बँड (रेडिओलहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० त्यात आहेत का, हे तपासावे. जिओला २जी आणि ३जी नाही. म्हणून फोनमध्ये त्या नेटवर्कवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, चालत नसेल, तर इंटरनेट व्यवस्थित चालूनही साधा कॉल लागत नाही.