गोड्या पाण्यात गरवायला कुठला तंगूस घ्यावा आणि लीडर किती लावावा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती किलोचा तंगूस (गरीला बांधायची लाइन) देऊ? आणि आपणपण मनातल्या मोठ्या माशाचं वजन धरून १० किलोचा द्या म्हणून मोकळे होतो. पण आपल्या कोकणातल्या नद्यांत लाइन माशाच्या वजनाने तुटते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घासून तुटते. तळाला काळा कातळ, काठाला खरखरीत जांभा, पुरात वाहून आलेली झाडं, आणि खाली खाडीकडे सरकलात तर दगडाला चिकटलेली कालवं. म्हणून आधी लाइन कशाला घासणार ते बघायचं, किलोचा हिशोब त्यानंतर.

तर सुरुवात जागेपासून. एकाच नदीची दोन रूपं असतात हे लक्षात घ्या. वाशिष्ठी बघा, वर कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी, येतं म्हणून भर उन्हाळ्यातपण तिला पाणी असतं आणि खाली गोवळकोटला भरती-ओहोटी चालू, म्हणजे वर रोहू-कटला आणि खाली जिताडा-तांबोशी. कोंडीत, म्हणजे नदीतल्या खोल डोहात, गरवणार असाल तर कडेचा कातळ पाण्याखाली कुठवर गेलाय ते बघा, तळी किंवा धरण असेल तर गवत आणि बुडालेली झाडं किती आहेत ते बघा. धरण-तलाव बऱ्याचदा ठेक्याने दिलेले असतात, आधी विचारून घ्या. आणि महाडजवळच्या वाळण कोंडीसारखी जागा असेल तर गरी बाहेरच काढायची नाही, ते देवाचे मासे आहेत.

आता मेन लाइन, म्हणजे रिळावर भरलेली. साधा नायलॉनचा तंगूस, म्हणजे मोनो, नवीन माणसाला सगळ्यात बरा. तो ताणतो, त्यामुळे माशाने अचानक झटका दिला तरी सांभाळून घेतो, गाठ चांगली बसते, स्वस्तपण आहे. तिलापिया आणि बारीकसारीक माशांना ०.२० ते ०.२५ मिमी, रोहू-कटल्याला ०.३० ते ०.३५ मिमी पुरे. पाकिटावरच्या किलोपेक्षा मिमी बघायची सवय लावा, कारण जाडी मोजता येते, किलो मात्र कंपनी म्हणेल ते. मोनोचं वाईट एवढंच की उन्हाने तो कमजोर होतो, म्हणून गाडीच्या काचेखाली रीळ ठेवू नका आणि वर्षातून एकदा तरी बदला.

ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन, घ्यायची ती मरळसाठी. गवतात नकली बेडूक (आमिष) फेकायचा आणि मरळ लागली की तिला खाली घुसू न देता ओढून काढायची, तिथे ताणणारी लाइन कामाची नाही. ब्रेड जवळपास ताणतच नाही, बारीक असून ताकद भरपूर, गवत कापत येते. ३० ते ४० पाउंडाची घ्या (१ पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम). पण दगडावर हीच ब्रेड बघता बघता कापली जाते, म्हणून कातळाच्या जागी बिनलीडरची ब्रेड टाकायची नाही (लीडर म्हणजे मेन लाइन आणि गरीच्या मध्ये बांधलेला लाइनचा वेगळा तुकडा). आणि रिळावर भरताना खाली थोडा मोनो गुंडाळा नाहीतर ब्रेड रिळावर गरगर फिरत बसते. ओल्या फडक्यात धरून घट्ट भरा, सैल भरलीत तर फेकताना गुंता ठरलेला.

लीडर हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण घासणं सोसायचं काम त्याचंच. लोक इथेच कंजुषी करतात ते मला पटत नाही. पावसाचं गढूळ पाणी असेल तर साधा मोनोच लीडर म्हणून लावा, माशाला तसंही काही दिसत नाही. पाऊस गेल्यावर, डिसेंबर-जानेवारीत कोंडीचा तळ दिसायला लागतो तेव्हा फ्लोरोकार्बनचा तंगूस घ्या, तो पाण्यात मोनोपेक्षा कमी दिसतो, बुडतो आणि पाणी शोषत नाही. कातळावर दीड-दोन मीटर लांब, चिखलाच्या तळाला अर्धा मीटरपण चालतो. वर तरंगणाऱ्या बेडकाला मात्र मोनोचाच लीडर, फ्लोरो त्याला खाली ओढतो. जिताडा-तांबोशी लागायची शक्यता असेल तर ४०-५० पाउंडाचा लावा, जिताड्याच्या कल्ल्याची झाकणं धारदार असतात.

ताकद ठरवताना एक बघा, अडकल्यावर आधी लीडर तुटला पाहिजे. मेन ४० पाउंड असेल तर लीडर ३०, मेन ०.३५ असेल तर गरीजवळ ०.३०. जिताड्याचा जाड लीडर लावायचा तर मेन लाइनपण त्याहून वरची हवी. नाहीतर तुटणार ती रिळाजवळ आणि अर्धी लाइन नदीत. अडकलेली ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं, काठीला गुंडाळा. आणि सोडवायला पाण्यात उतरू नका, वाशिष्ठी-सावित्रीत मगरी आहेत, गेला लीडर तर जाऊदे.

ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका, गरीला साधी युनी किंवा पालोमार. आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने तापून नायलॉन तिथेच कमजोर होतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा रिळातून लाइन ज्या ताणाला सुटते तो, लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, त्याहून घट्ट नको. तुटलेले तुकडे काठावर टाकू नका, पाणमांजरं आणि पक्षी त्यात अडकतात, खिशात घालून घरी आणा.

गरवताना अधूनमधून गरीजवळचा हातभर लीडर नखांच्या चिमटीत धरून सरकवा, कुठे खरखर लागली तर तेवढा कापून गाठ परत मारा. आणि मासा सुटला, लाइन तुटली, की शिव्या घालण्याआधी तुटलेलं टोक उजेडात धरून बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटलीय, लाइनचा दोष नाही, गाठ परत शिका. पांढरट, केसाळ झालं असेल तर दगडाला घासलंय, लीडर लांब किंवा जाड करा. सुरीने कापल्यासारखं सरळ असेल तर दात, कल्ला नाहीतर कालव, पुढच्या वेळी लीडर एक नंबर वरचा लावा. आणि टोक लांब ताणून बारीक झालेलं दिसलं तर ताण जास्त झालाय, ड्रॅग थोडा सैल करा.