पावसाच्या नोंदींवर मॉडेल तपासताना विभागणी तालुक्यानुसार करा

बेळगाव जिल्ह्यातील पावसाच्या आणि ऊस उत्पादनाच्या नोंदी घेऊन सायकिट-लर्न या पायथनमधील यंत्रशिक्षणाच्या संचात अंदाजाचे मॉडेल तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी चाचणीसाठी विदा (डेटा) वेगळा काढताना एक काळजी अवश्य घ्यावी. ‘ट्रेन टेस्ट स्प्लिट’ हे फंक्शन, वेगळी सूचना न दिल्यास, सर्व ओळी पिसून त्यांतील 25 टक्के चाचणीसाठी ठेवते; त्यामुळे सह्याद्रीच्या कुशीतील खानापूरच्या काही ओळी प्रशिक्षणात आणि काही चाचणीत जातात, पर्जन्यछायेतील अथणीचेही तसेच होते, आणि मॉडेल तालुक्याची ओळख पाठ करून फसवी अचूकता दाखवते. नव्या तालुक्यात अंदाज कितपत टिकेल हे पाहायचे असेल, तर ‘ग्रुप के-फोल्ड’ वापरून तालुक्याचे नाव गट म्हणून द्यावे, म्हणजे एक तालुका दोन्ही बाजूंना येत नाही. पुढील वर्षाचा अंदाज हवा असल्यास मात्र नोंदी कालक्रमाने लावून आधीच्या नोंदींवर शिकवून नंतरच्या नोंदींवर तपासणारे ‘टाइम सीरीज स्प्लिट’ घ्यावे. मोजपट्टी समान करणारा ‘स्टँडर्ड स्केलर’ आधीच सगळ्या नोंदींवर चालवू नये. तो, पायऱ्या क्रमाने जोडणाऱ्या ‘पाइपलाइन’मध्ये मॉडेलच्या आधी बसवावा, म्हणजे सरासरी केवळ प्रशिक्षणाच्या भागावरून निघते.

आपल्या भागात आणखी एक खोच आहे, आणि ती कोणत्याही परदेशी पाठात सापडणार नाही. कन्नड व मराठी कागदांवरून उतरवलेल्या तक्त्यात एकाच तालुक्याचे ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ असे दोन गट पडतात, म्हणून विभागणीपूर्वी पांडाज या पायथनमधील तक्ते हाताळणाऱ्या संचाच्या ‘रिप्लेस’ने नावे एकसारखी करून घ्यावीत.