क्वार्टरबॅकची अचूकता आणि निर्णय जोखताना या चुका टाळा

पास पूर्ण झाला की फेक चांगली आणि इंटरसेप्शन झालं (बचावपटूने चेंडू झेलला) की निर्णय वाईट, असं मानून एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचे सामने पाहिले तर क्वार्टरबॅकबद्दलचा, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूबद्दलचा, अंदाज हमखास चुकतो. निर्णय, फेक आणि निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पाससाठी कागदावर त्यांचे तीन रकाने करा आणि निकालाचा रकाना सगळ्यात शेवटी भरा.

फक्त कम्प्लीशनची (पूर्ण झालेल्या पासची) टक्केवारी पाहणं. २०१६ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जच्या सॅम ब्रॅडफर्डने ७१.६ टक्के पास पूर्ण केले. तेव्हा तो एका हंगामाचा विक्रम होता. पण पूर्ण झालेल्या प्रत्येक पासमागे सरासरी १० यार्डसुद्धा मिळाले नाहीत आणि संघ ८ विजय, ८ पराभवांवर थांबला. तिसऱ्या डाउनला (१० यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) १० यार्ड हवे असताना ४ यार्डांचा पास दिला, तरी टक्केवारी वाढतेच. उलट मुद्दाम मैदानाबाहेर टाकलेला चेंडू, घड्याळ थांबवण्यासाठी केलेला स्पाइक (चेंडू लगेच जमिनीवर आपटणं) आणि रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) हातातून सुटलेला पास हे तिन्ही अपूर्ण धरले जातात. आपल्या हिशेबातून पहिले दोन वगळा, तिसरा अचूक धरा.

झेल झाला म्हणून फेक अचूक मानणं. चेंडू नेमका कुठे पोचला ते पाहा. स्लँटवर (मैदानाच्या मध्याकडे तिरक्या धावेवर) तो धावणाऱ्या रिसीव्हरच्या छातीसमोर, थोडा पुढे हवा. मागे पडला तर रिसीव्हर वळून झेलेल खरा, पण वेग मोडतो आणि झेलानंतरचे यार्ड जातात. कमबॅकवर (पुढे धावून साइडलाइनकडे मागे वळण्याच्या धावेवर) चेंडू साइडलाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या, बाजूला आणि खाली हवा, म्हणजे बचावपटूचा हात पोचत नाही.

अंतरही फसवं असतं. लांबच्या हॅशवरून (मैदानाच्या मधल्या भागातल्या खुणांच्या दोन ओळींपैकी दूरच्या ओळीवरून) दिलेला १० यार्डांचा आउट (साइडलाइनकडे वळणाऱ्या धावेवरचा पास) हवेत ३० यार्डांहून जास्त जातो, कारण क्वार्टरबॅक स्क्रिमेजच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या रेषेच्या, मागे उभा असतो आणि चेंडू मैदानाच्या रुंदीत तिरका जातो. स्कोअरकार्डवर मात्र तो १० यार्डांचाच.

इंटरसेप्शन मोजून निर्णय ठरवणं. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला चेंडू क्वार्टरबॅकच्या खात्यावर टाकू नका. बचावपटूने हातातला झेल सोडला असेल तर ती क्वार्टरबॅकची चूक मात्र नक्की लिहा. इंटरसेप्शन कमी असणं हाही पुरावा नाही. २०१८ मध्ये ॲरन रॉजर्सची फक्त २ इंटरसेप्शन होती, पण त्याला ४९ सॅक बसले (चेंडू हातात असतानाच त्याला पाडलं गेलं) आणि त्याचा संघ ग्रीन बे पॅकर्स ६ विजय, ९ पराभव, १ बरोबरी यावर राहिला. धोका टाळताना चेंडू हातात किती वेळ राहिला, हा निर्णयाचाच भाग आहे. पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पासच्या आकड्यांवरून काढलेल्या, कमाल १५८.३ गुणांच्या आकड्यात, सॅक मोजलेच जात नाहीत.

टीव्हीच्या चित्रावर विसंबणं. ही सगळ्यात महागडी चूक. प्रक्षेपणातला कॅमेरा चेंडूमागे जातो आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागे उभे राहणारे बचावपटू, चौकटीबाहेर राहतात. निर्णय तर त्यांच्याकडे बघूनच होतो. बावीसही खेळाडू दाखवणारं ऑल-२२ चित्रण घ्या, स्नॅपच्या (चेंडू क्वार्टरबॅककडे देऊन खेळ सुरू होण्याच्या) आधी थांबवा आणि मागे एक सेफ्टी आहे की दोन ते लिहा. स्नॅपनंतर दोनाचा एक झाला का, आणि क्वार्टरबॅकच्या ते लक्षात आलं का, हे पाहा. मग चेंडू सुटण्याच्या क्षणी पुन्हा थांबवा. मोकळा रिसीव्हर दुसरीकडे दिसला म्हणून लगेच दोष देऊ नका. क्वार्टरबॅकच्या वाचनक्रमात, म्हणजे पर्याय एकेक करून पाहण्याच्या ठरलेल्या क्रमात, तो चौथा असेल आणि दबाव आधीच पोचला असेल, तर तो पर्याय त्याच्यासाठी नव्हताच. प्लेबुक (संघाच्या आखलेल्या चालींची वही) आपल्याकडे नसतं, त्यामुळे रिसीव्हर आणि फेक वेगवेगळ्या दिशांना गेले तर त्या पाससमोर प्रश्नचिन्ह ठेवा. चूक कोणाची ते ठरवू नका.

पहिल्या हंगामावर शिक्का मारणं. बफेलो बिल्सच्या जॉश ॲलनची टक्केवारी २०१८ मध्ये ५२.८, २०१९ मध्ये ५८.८ आणि २०२० मध्ये ६९.२ होती. याच तिसऱ्या हंगामात स्टेफॉन डिग्ज संघात आला. डिग्ज हा रिसीव्हर. म्हणून तुलना करताना रिसीव्हर, ओळीचं (क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या खेळाडूंचं) संरक्षण आणि पासची लांबी यांची नोंद आकड्याशेजारीच ठेवा.