एसएमपीएस यादीत सगळ्यात खाली लिहू नका

मागच्या महिन्यात भाच्याने नव्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी सुट्या भागांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पहिल्याच ओळीत ग्राफिक्स कार्ड, त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. मग प्रोसेसर, रॅम, काचेचं कॅबिनेट, सात रंगीत पंखे. अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘एसएमपीएस – कोणताही ७५० वॅट’. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशिनातल्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा. बजेट तीन लाखांपर्यंत. आणि खाली प्रश्न, “मामा, सात-आठ वर्षं चालेल ना?”

“असा नाही चालणार,” असं कळवून मी त्याला रविवारी घरी बोलावलं. त्या रविवारी चार तास जे बोललो, तेच इथे उतरवतोय.

मी नागपूरचा. नोकरी बँकेत, पण २०११ पासून स्वतःची आणि नातेवाइकांची मशिनं जोडत आलोय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, आणि दुपारी खोलीत पंखा फुल असला तरी ३७-३८. परदेशातले परीक्षण करणारे २२ अंशांच्या खोलीत बसून सांगतात की अमुक प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो. त्यात आपल्या खोलीचे १५ अंश मिळवा. झाले ९०. यादी करताना हा हिशेब कुणी करत नाही.

माझं पहिलं मशीन इंटेलचा कोअर आय५-२५००के प्रोसेसर आणि जीटीएक्स ५६० टीआय ग्राफिक्स कार्ड असं होतं. त्या काळी गल्लीत रुबाब होता. एसएमपीएस मात्र दुकानदाराने ‘हा पण चांगलाच आहे’ म्हणून हातात दिलेला, स्टिकरवर ५०० वॅट लिहिलेला, उचलला तर पुठ्ठ्यासारखा हलका. दोन वर्षांनी जूनच्या पहिल्या वादळात लाइट तीनदा गेले-आले आणि तो वारला. जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क सोबत घेऊन गेला. प्रोसेसर तेवढा वाचला.

तेव्हापासून मी यादीचे दोन भाग करतो, घरमालक आणि भाडेकरू. एसएमपीएस, कॅबिनेट, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर, मॉनिटर, यूपीएस हे घरमालक. ते दहा वर्षं राहणार. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे भाडेकरू, कितीही भारी असले तरी चार-पाच वर्षांत बदलणार. मदरबोर्ड मधला, त्याचं पुढे सांगतो. बहुतेक जण भाडेकरूंवर सगळे पैसे उधळतात आणि घर कुडाचं बांधतात.

सुरुवात एसएमपीएसच्याही आधी भिंतीपासून करा. कॅबिनेटच्या धातूला हात लागला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडीशी गळती अर्थच्या वायरीत सोडतात. वायरीपलीकडे काहीच नसेल तर ती गळती कॅबिनेटवर बसून राहते. मल्टिमीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, कार्ड नंतर. भाच्याच्या घरी सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे वायरच नव्हती. तीन लाखांचं मशीन तो तिथे लावणार होता.

आता एसएमपीएस. डब्यावरची ‘८० प्लस गोल्ड’ ही चिठ्ठी वीज किती वाया जाते एवढंच सांगते, आतला माल टिकाऊ आहे की नाही हे ती सांगत नाही. मी तीन गोष्टी बघतो. पहिली वॉरंटी. दहा वर्षांची वॉरंटी देणारी मॉडेलं कोर्सेअर, सीसॉनिक यांच्याकडे आहेत, आणि कंपनी दहा वर्षं लिहून देते तेव्हा तिने आत काय घातलंय याचा अंदाज येतो. दुसरी, कपॅसिटर १०५ अंशांचे, म्हणजे तेवढी उष्णता सोसणारे आहेत का. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ठोकळ नियम असा की तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य निम्मं होतं, म्हणून विदर्भात ८५ अंशांचा कपॅसिटर घेणं म्हणजे उन्हाळ्यात दूध बाहेर ठेवणं. तिसरी गोष्ट एटीएक्स ३.० किंवा ३.१, हे एसएमपीएसचं मानक. आजची कार्डं क्षणार्धासाठी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. असा झटका, अगदी स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट असला तरी, शंभर मायक्रोसेकंद सहन करायचा, ही त्या मानकातली अट आहे.

किती वॅट? भाच्याचं कार्ड आरटीएक्स ५०७० टीआय, ते ३०० वॅटचं. प्रोसेसर १२० वॅटचा, जोर लावला तर थोडा वर जातो. बाकी सगळं मिळून साठ-सत्तर. म्हणजे पाचशेच्या आसपास. ७५० चाललं असतं, पण मी ८५० घ्यायला लावला, कारण उद्या भाडेकरू बदलला तर घर पाडायला नको. आणि तो अर्ध्या ताकदीवर चालतो तेव्हा थंड आणि मुका राहतो. एक ताकीद मात्र लक्षात ठेवा. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा एसएमपीएस बदलला तर जुन्या वायरी नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळा असतो. बसला म्हणून लावला आणि एसएसडी जळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

यूपीएसच्या बाबतीत दुकानात हमखास ६०० व्हीएचा डबा पुढे करतात. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, या साध्या यूपीएसमध्ये साधारण ०.६ ने गुणायचं. ६०० चे झाले ३६०. पाचशे वॅटचं मशीन त्यावर लावलं तर लाइट जाताच दोघंही एकत्र बंद. १५०० व्हीएचा, लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सावरणारा) आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हचा (भिंतीतल्यासारखीच वीज देणारा) घ्या. आपल्याला त्यावर गेम खेळायचा नाही, पाच मिनिटांत नीट शटडाउन करायचंय. बॅटरी मात्र आमच्या उन्हात दोन-तीन वर्षांतच राम म्हणते, तो खर्च धरूनच चाला.

मदरबोर्ड आणि प्रोसेसर एकत्रच ठरवायचे. २०१७ च्या जूनमध्ये, जीएसटी लागू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, सीताबर्डीवर दुकानदार माल मोकळा करत होते. मी तेव्हा बी३५० चा बोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर घेतला. २०२३ मध्ये त्याच बोर्डात, बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला. रॅम तीच, एसएमपीएस तोच, कूलरही तोच. सहा वर्षं जुन्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेत, नवं इंजिन. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाहीच, ५८००एक्स३डी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हा मी निवांत होतो. मशीन म्हातारं व्हायला दर वेळी हार्डवेअरच कारण लागतं असं नाही.

म्हणून भाच्याला एएम५ सॉकेट. तो २०२२ मध्ये आला आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही चालवू असं एएमडीने सांगितलंय. प्रोसेसर ९८००एक्स३डी. त्यात ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी आहे. गेमला लागणारा बराच डेटा प्रोसेसरच्या उशाशीच राहतो, रॅमपर्यंत हेलपाटे कमी. आधीच्या पिढीत ही जादा कॅशे गाभ्यांच्या (कोअरच्या) डोक्यावर बसवलेली होती, उष्णता अडायची. या पिढीत ती गाभ्यांच्या खाली नेली. थंड ठेवायला सोपं झालं. त्याची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, तेव्हा वरचा १५ अंशांचा हिशेब पुन्हा एकदा करून बघा. इंटेलवाल्यांनी रागावू नये. माझं पहिलं प्रेम तेच. पण त्यांचा सॉकेट दोन-तीन पिढ्यांत बदलतो, आणि १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत २०२४ मध्ये जो अस्थिरपणा निघाला, त्यापायी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. सेकंडहँड घेत असाल तर हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

बोर्ड सगळ्यात महागडा नको. वीज नियंत्रणाच्या भागावर उष्णता ओढून घेणारे धातूचे जाड हीटसिंक, मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण, एसएसडीसाठी एम.२ चे किमान दोन-तीन स्लॉट. संपलं. फ्लॅशबॅकमुळे पुढचा प्रोसेसर येईल तेव्हा जुना लावल्याशिवायही बायॉस बदलता येतं. बोर्डावरचा छोटा स्क्रीन काढायला लावला, भाच्याचा चेहरा उतरला.

कार्डाबद्दल लोक फ्रेमरेटचे (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचे) तक्ते बघतात. मी आधी मेमरी बघतो. २०१७ मध्येच मी जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड घेतलं. सोबतच्या मित्राला दुकानदार म्हणाला, “भाऊ, ३ जीबीत पण तेच चालते, जास्तीचे पैसे काऊन घालता?” नाव एकच, १०६०, पण त्यात कोअरही कमी होते. दोन वर्षांत त्याला गेममधल्या चित्रांची बारकाई, म्हणजे टेक्स्चर, ‘लो’ वर आणावं लागलं, माझं २०२३ पर्यंत तगलं. तीच गोष्ट पुढे २०२० च्या आरटीएक्स ३०७० ची झाली, ताकद भरपूर पण ८ जीबीत गुदमरलेली. आता १६ जीबीच्या खाली घेऊ नका. कार्ड जुनं पडायची दुसरी वाट म्हणजे नव्या सोयी. २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हा गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची सोय) नसलेल्या कार्डावर चालतच नाही, तिथे माझ्या १०६० ची मेमरी काय कामाची? ५०९० च्या नादी मी लागू दिलं नाही. ५७५ वॅटचा तो हीटर नागपूरच्या खोलीत ठेवून वर एसी चालवायचा, म्हणजे बिल दोन्हीकडून.

एनव्हीडियाचं नव्या १६ पिनी जोडणीचं कार्ड घेतलं तर प्लग खटकन पूर्ण आत गेलाय याची टॉर्च लावून खात्री करा आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. २०२२ मध्ये ४०९० चे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या त्या या जोडणीच्याच. ही धाकधूक नको असेल तर रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी बघा, १६ जीबी आहे आणि त्याची बरीच मॉडेलं जुन्या ८ पिनी वायरींवर चालतात.

थंडाव्यासाठी मी हवेचा कूलर सांगतो. पाण्याच्या बंद कूलरमध्ये, म्हणजे एआयओमध्ये, पंप असतो, पंप म्हणजे फिरणारा भाग, आणि रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं हळूहळू उडत जातं. हवेच्या टॉवर कूलरमध्ये बिघडतो तो पंखा. पंखा काय, हजार-बाराशेत नवा. नॉक्टुआसारखी कंपनी नवा सॉकेट आला की बिल दाखवल्यावर बसवायचा संच फुकट देते. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन त्याहून बराच स्वस्त आणि काम जवळपास तेवढंच. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, पुढे काच असलेलं नको. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा आणि आत घेणाऱ्यांवर गाळणी लावा, म्हणजे धूळ फटींतून न शिरता गाळणीवर अडते.

आणि वैदर्भीयांनो, डेझर्ट कूलर! त्याच्या झोतात मशीन ठेवू नका. ओल्या हवेत धूळ चिकटते, हीटसिंकच्या पात्यांमध्ये तिचा गिलावा होतो. माझ्या साडूच्या मशिनातून मी पेचकसाने खरवडून काढलाय. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, मारताना पंख्याला बोट लावून धरा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून बेअरिंग जातं.

रॅमवर फार बोलण्यासारखं नाही. डीडीआर५ ६०००, सीएल३० (हा आकडा कमी तितकी रॅम चटकन उत्तर देते), १६-१६ जीबीच्या दोन काड्या. चार लावल्या की वेग खाली येतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले की ६४ जीबीचा हट्ट भाच्याने स्वतःच सोडला. एसएसडी २ टीबी, पीसीआयईच्या चौथ्या पिढीची, टीएलसी (एका पेशीत तीन बिट ठेवणारी). १२०० टीबीडब्ल्यूवाली, म्हणजे १२०० टीबी लिहिण्याची हमी असलेली, रोज १०० जीबी लिहीत बसलात तरी हिशेबाने बत्तीस वर्षं जाते. पाचव्या पिढीची तापते जास्त आणि गेम लोड व्हायला फरक डोळ्यांना दिसत नाही. मॉनिटर २७ इंची, १४४०पी, आयपीएस. ओएलईडी सुंदर असतो, पण ज्याला दिवसभर तोच टास्कबार बघायचाय त्याला मी नाही सुचवत, त्याची छाप पडद्यावर राहून जाऊ शकते.

खरेदीच्या दिवशी प्रत्येक डब्याचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. बिल जीएसटीचंच हवं, ‘कच्चं घेता का, स्वस्त पडेल’ला नाही म्हणा. कार्डाचं सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे की कुरिअर करावं लागतं, हेही आधी विचारा. माझं एक कार्ड एकदा सात आठवडे बाहेरगावी फिरून आलं, आणि त्या काळात मी मुलीच्या लॅपटॉपवर पत्ते खेळलो.

भाच्याचं मशीन मागच्या शनिवारी जोडून झालं. रात्री अकराला फोन आला, आवाज रडवेला, “मामा, पंखे फिरून राहिले पण स्क्रीन काळाच आहे!” मी म्हटलं, बटणाला हात लावू नकोस, एएम५ पहिल्यांदा रॅमशी ओळख करून घेतं, दहा मिनिटंही लागतात. चहा कर. त्याने चहा केला, दूध उतू गेलं, आणि तेवढ्यात पलीकडून आईची ओरड आणि विंडोजची विचारणा एकदमच ऐकू आली. रॅमला पूर्ण वेगाने चालवणारं एक्स्पो प्रोफाइल चालू करायचं राहिलंय, ते या रविवारी.