बुल टेरियर घरी आणताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

बुल टेरियर घेतल्यावर दीड-दोन वर्षांनी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांचं मूळ बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच असतं. बेसा किंवा मनीषनगरकडे नवं घर बांधलं, फाटकावर दणकट कुत्रा हवा, म्हणून हा आणला जातो आणि कंपाउंडमध्ये साखळीला बांधला जातो. थोड्याच महिन्यांत कुंड्या फुटतात, गाडीचं सीट फाटतं, दिवसभर भुंकणं सुरू होतं. मग घरातलंच कोणीतरी म्हणतं, "ही जातच आडमुठी आहे, भाऊ."

जात हट्टी आहे, हे खरं. पण साखळीला बांधून फाटक राखायला लावावं असा हा कुत्राच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने बुलडॉग, पांढरा इंग्लिश टेरियर आणि डाल्मेशियन यांच्या संकरातून ही जात घडवली. आजचा बुल टेरियर माणसांच्या पायात घुटमळणारा आहे. सोफ्यावर तुमच्या मांडीला टेकून बसणं हे त्याचं सुख. नवरा-बायको दोघंही सकाळी साडेनऊला बाहेर पडून रात्री येत असतील आणि घरी आजी-आजोबा किंवा दुसरं कोणी नसेल, तर कृपा करून ही जात घेऊ नका. मोठं अंगण ही सोबतीची भरपाई नव्हे.

नाव एक, कुत्रा दुसराच

बाजारात 'बुली' या एका शब्दाखाली पिटबुल, अमेरिकन बुली, पाकिस्तानी बुली सगळेच विकले जातात. अस्सल बुल टेरियरचं डोकं बाजूने पाहिलं तर अंड्यासारखं दिसतं. कपाळापासून नाकापर्यंत एकच उतार, मध्ये खाच नाही. डोळे बारीक, तिरपे, त्रिकोणी. कान मोठेपणी आपोआप उभे राहतात. त्यामुळे कोणी कान कापलेलं पिल्लू 'बुल टेरियर' म्हणून दाखवलं, तर तिथून उठून यावं. हौसेखातर कान कापणं ही क्रूरताच आहे.

मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 प्रकारच्या कुत्र्यांना परवाना देऊ नये, असं पत्र राज्यांना पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिल 2024 मध्ये रद्द केलं. तरी पिल्लू घेण्याआधी आजचा नियम काय आहे, हे महापालिकेत जाऊन विचारा आणि नोंदणी करून घ्या. शेजाऱ्यांनी तक्रार केल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

2017 च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते आणि 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. आई पाहिल्याशिवाय पिल्लू उचलू नका. ती अनोळखी माणसाशी कशी वागते, हे कागदपत्रांइतकंच महत्त्वाचं. पिल्लाच्या आईवडिलांच्या मूत्रपिंडाची आणि हृदयाची तपासणी झाली आहे का, हेही विचारा, कारण या जातीत दोन्हींचे आनुवंशिक आजार आढळतात. पुढे तुम्हीही वर्षातून एकदा लघवीतली प्रथिनं तपासून घेत जा.

पूर्ण पांढऱ्या पिल्लांमध्ये साधारण पाचातलं एक एका किंवा दोन्ही कानांनी बहिरं असू शकतं. रंगीत पिल्लांमध्ये हे प्रमाण फारच कमी आहे. पिल्लू झोपलेलं असताना मागून किल्ल्या वाजवल्या तर दोन्ही कानांचं बहिरेपण कळतं, एका कानाचं कळत नाही. बहिरं पिल्लू हाताच्या खुणांनी छान शिकतं. फक्त ते आधी माहीत हवं, नाहीतर 'ऐकतच नाही' म्हणून त्याला मार बसतो.

आपला उन्हाळा

या शहरात 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. आखूड केसांचा कुत्रा आहे, उन्हाळ्यात मजेत राहील, हा समज चुकीचा. पांढऱ्या बुल टेरियरची नाक, कान आणि पोटाकडची कातडी उन्हाने भाजते, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं तर कातडीचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते. माणसांचं सनस्क्रीन त्याला लावू नका. तो चाटतो, आणि त्यातलं झिंक पोटात गेलं तर विषबाधा होते.

एप्रिल-मेमध्ये फिरायला न्यायचं ते सूर्य वर येण्याआधी. संध्याकाळी सातला हवा बरी वाटली तरी सिमेंटचा रस्ता तापलेलाच असतो. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. रात्री नऊनंतर निघा.

कूलरच्या बाबतीत मात्र मी हात जोडून सांगतो. बुल टेरियर काहीही चावतो, त्याचा जबडा जबरदस्त आहे, आणि आपल्या घरांमध्ये पत्र्याच्या कूलरची वायर जमिनीवरून गेलेली असते. खाली सांडलेलं पाणी, वर पत्रा, मध्ये चावलेली वायर. वायर पाइपात घालून भिंतीवर उंच न्या, अर्थिंग तपासून घ्या, कूलरपुढे आडोसा करा. शिवाय जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही, कुत्र्याला धापा टाकूनही अंग थंड करता येत नाही. तेव्हा पंखा आणि गार फरशीच बरी.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, चाल अडखळते, ही उष्माघाताची लक्षणं. आधी अंगावर साधं पाणी भरपूर ओता, पंखा लावा, आणि मगच दवाखान्याकडे निघा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आणि घराजवळच्या डॉक्टरचा नंबर उन्हाळ्याआधीच माहीत असू द्या.

याच दिवसांत आंब्याची कोय. रसाच्या पंगतीनंतर टोपलीतली कोय त्याने गिळली तर ती आतड्यात अडकते आणि ऑपरेशन करावं लागतं. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचंही तेच. दोन वेळा उलटी झाली, जेवण सोडलं, शौच बंद झालं, तर उद्यावर टाकू नका. सावजी रस्सा आणि त्यातली हाडं तर अजिबात नकोत. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहे.

शेपटीमागे फिरतोय, व्हिडिओ काढू नका

संध्याकाळी अचानक उधळून घरभर सुसाट पळणं, पडद्याखालून किंवा तुळशीच्या फांद्यांखालून तंद्री लागल्यासारखं अगदी हळू चालणं, हे दोन्ही या जातीत नेहमीचं आहे. घाबरू नका, थोपवूही नका.

शेपटीमागे गोल गोल फिरणं मात्र वेगळं. एखाद्या वेळी खेळ म्हणून ठीक. पण हाक मारल्यावर थांबत नाही, जेवण सोडून फिरतो, शेपटीला जखम होते, ही लक्षणं स्वतःला थांबवता न येणाऱ्या सक्तीच्या वर्तनाची आहेत, आणि बुल टेरियरमध्ये ते विशेष आढळतं. सगळे हसतात, मोबाइल समोर धरतात आणि सवय पक्की होते. ओरडूनही ती वाढते. शांतपणे त्याचं लक्ष दुसऱ्या कामाकडे वळवा, अन्न शोधायला लावणारे खेळ द्या, दिवसभरात त्याला पुरेसा व्यायाम मिळतो का आणि तो किती वेळ एकटा असतो हे तपासा, आणि लवकर डॉक्टरांना दाखवा. काहींना औषधांनी चांगला फरक पडतो.

मारून हा कुत्रा शिकत नाही, फक्त कडवा होतो. पाच मिनिटांचे धडे, हातात खाऊ, आणि घरातल्या सगळ्यांचा नियम एकच. बाबांनी सोफ्यावरून उतरवायचं आणि आजीने बोलावून घ्यायचं, असं चालणार नाही.

लहान मुलांवर तो जीव लावतो, पण त्याच्या अंगाचं वजन आहे पंचवीस-तीस किलो. खेळता खेळता पाच वर्षांचं मूल किंवा आजोबा सहज आडवे होतात. मोठं माणूस जवळ नसताना त्यांना एकत्र सोडू नका. त्याच लिंगाच्या दुसऱ्या कुत्र्याशी त्याचं पटत नाही असं वारंवार घडतं. अंबाझरी-फुटाळ्याकडे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात, तिथे पट्टा सोडायचा नाही.

पिल्लू आणायचंच असेल तर दिवाळीनंतर आणा. फटाके संपलेले असतात, थंडीत फिरण्याची सवय लागते, लसी फेब्रुवारीपर्यंत पूर्ण होतात आणि तोवर माणसं, रिक्षा, ढोल यांची ओळखही होते. पुढच्या पोळ्यानंतर मारबतीची मिरवणूक वाजतगाजत दारावरून गेली तरी मग तो बिथरत नाही.